बावीस पावलं

त्या शुक्रवारी सी युनुसच्या घरात इतका बोय मासा शिजला की शद्लियालासुद्धा क्षणभर टोमणा सुचेना. शद्लियाला टोमणा न सुचणं हे त्या घरात आजारपणाचं लक्षण समजत. पण पहिल्या चार घासांनंतर ती सावरली.

"मागच्या वर्षी या दिवसांत आपण वाळवलेला ऑक्टोपस चघळत बसलो होतो," ती जवाच्या कुसकुसचा गोळा वळत म्हणाली. "आणि यंदा बाबा पाच आठवडे अंथरुणात, पाण्याला पाय लागलेला नाही, तर मासे आपणहून घरी चालत येतायत. बाबा, तुम्ही आजारी पडायचं तीन वर्षांपूर्वीच मनावर घ्यायला हवं होतं."

सी युनुस हसला की खोकला ते कळलं नाही. छातीत पाणी झालं होतं म्हणून डॉक्टरने त्याला समुद्र बंद केला होता, आणि समुद्र बंद म्हणजे त्या माणसाचं जवळजवळ सगळंच बंद.

"देणार्‍याचं नाव घे आणि गप जेव," हल्लूमा लेकीवर खेकसली. "विधवेच्या तोंडाला एवढी धार बरी नाही."

"धार होती म्हणूनच टिकले, उम्मी."

नजियाने मान वर केली नाही. ती या घरची थोरली सून. मासे का वाढले ते तिला एकटीला माहीत होतं, आणि त्या माहितीपायी गेले पाच आठवडे ती मासा बाजूला सारून नुसतं कुसकुस खात होती.

गोष्ट सांगायला सोपी होती. केरकेना बेटावर जमिनीचे वाटे होतात तसे समुद्राचेही होतात. सी युनुसच्या वाट्याच्या उथळ पाण्यात दर पानझडीला खजुरीच्या झावळ्यांचं लांबच लांब कुंपण उभं राही. भरतीबरोबर आत आलेला मासा ओहोटीला परत निघाला की कुंपणाला अडे, त्याच्या कडेकडेने चालत राही आणि टोकाच्या सापळ्यात शिरे. त्या कुंपणात घरातल्या प्रत्येक पुरुषाचा स्वतःचा तुकडा असे आणि तो त्यानेच रोवायचा. गावाबाहेर असेल तर त्याने कुणाचं तरी नाव घेऊन निरोप धाडायचा, मग त्या माणसाने त्याच्या जागी रोवायचं. निरोपाशिवाय दुसर्‍याचा तुकडा फक्त एकदाच भरतात, तो मेल्यावर, चाळिसाव्या दिवशी.

थोरला मुलगा मेहरेझ, नजियाचा नवरा, तीन वर्षांपूर्वी जानेवारीत मुख्य भूमीवरच्या स्फाक्सच्या धक्क्यावरून फ्रेंच पोलिसांच्या हातावर तुरी देऊन गफ्साच्या डोंगरातल्या बंडखोरांत गेला. निरोप धाडायला त्याला सवड कुठली! त्याची जागा कुंपणाच्या बरोबर मधोमध होती, बावीस पावलांची. सी युनुसने तीन हंगाम ती बावीस पावलं मोकळी सोडली. दोन्ही बाजूंनी कुंपण रोवायचं, मेहरेझच्या वाट्याच्या झावळ्याही तोडायच्या, पण त्या मागच्या अंगणात रचून ठेवायच्या. निम्मा मासा त्या खिंडारातून निघून जाई. गाव आधी हसलं, मग हसायचं थांबलं. आणि आणखी एक गोष्ट होती. स्फाक्सहून येणार्‍या होड्यांना हे कुंपण आडवं येई. टोकाला वळसा घालून धक्क्याला यायला अर्धा तास जास्त लागे. खिंडारातून सरळ आत शिरता आलं असतं, पण तीन वर्षांत एकही होडी तिथून आली नाही. दुसर्‍याच्या कुंपणातून जाणं म्हणजे दुसर्‍याच्या माजघरातून जाणं.

ऑक्टोबरच्या मध्यावर बातमी आली होती की गफ्साकडे चकमक झाली आणि डोंगरातले अकरा जण गेले. नावं आली नाहीत. नजिया रोज नावांची वाट पाहत गच्चीवर उभी राही, आणि समोर समुद्रात ते खिंडार दिसे. सकाळी तेच, संध्याकाळी तेच. मेहरेझचा चेहरा आठवायला जावं तर आधी ते बावीस पावलांचं पाणी डोळ्यांसमोर येई. सासरा अंथरुणाला लागला, घरात पीठ संपत आलं, आणि एका पहाटे ती मागच्या अंगणातल्या झावळ्या पाठीवर घेऊन ओहोटीत उतरली. तीन पहाटे रोवत होती. सासर्‍याच्या जागी सापळे रिकामे करायला येणारा शेजारचा मब्रूक नुसता बघत राहिला. "बाबांना मी सांगेन," ती त्याला म्हणाली. मब्रूक दुसर्‍याच्या घरात तोंड न घालणारा माणूस. अंगणातला ढीग गेलेला हल्लूमाने पाहिला आणि चुलीत गेला समजून दोन शिव्या हासडल्या. गच्चीवर नजियाशिवाय कुणी फिरकत नसे. झालं, एवढंच.

सांगायचं मात्र राहून गेलं.

जेवण आटोपलं. धाकटा लामीन सकाळच्या होडीने स्फाक्सहून आला होता. बंदरावरच्या कामगार संघटनेत तो कारकून होता. अंगात कोट, खिशात घडी केलेलं वर्तमानपत्र, आणि आल्यापासून चेहरा असा की बातमी दातांत धरून बसलाय. चहा येईपर्यंत त्याने कसाबसा दम धरला.

"बाबा, डोंगरातले खाली उतरतायत," तो म्हणाला.

हल्लूमाच्या हातातला पेला तसाच राहिला.

"आपले मंत्री आणि फ्रेंच साहेब, दोघांनी मिळून जाहीर केलंय. बंदूक ठेवायची, अभयपत्र घ्यायचं आणि घरी जायचं. कुणाला अटक नाही, खटला नाही. येत्या गुरुवारपर्यंत मुदत आहे. मागच्या आठवड्यात आमच्यातली माणसं वर जाऊन आली. मेहरेझ जिवंत आहे, उम्मी. आमच्या माणसाने त्याच्याबरोबर बसून भाकरी खाल्ली."

हल्लूमाने मोठ्याने देवाचं नाव घेतलं आणि मग तिला रडूच फुटलं. शद्लिया उठून आईजवळ गेली आणि तिची पाठ चोळत राहिली. नजिया जिथे बसली होती तिथेच बसून होती. जिवंत आहे. तिला वाटलं की आपण ओरडू, धावू, निदान उठून उभ्या तरी राहू. पण तिच्या मनात आधी आल्या त्या झावळ्या. जिवंत माणसाची जागा आपण भरली. आनंद दारात आला होता आणि तिला दार उघडायची लाज वाटत होती.

"बंदूक ठेवायची, आणि बदल्यात काय मिळायचं?" सी युनुसने विचारलं.

"अंतर्गत स्वायत्तता, बाबा. जुलैत त्यांचा पंतप्रधान स्वतः येऊन राजवाड्यात बोलून गेला, ते तुम्हाला वाचून दाखवलं होतं. पॅरिसमध्ये बोलणी चालू आहेत. सरकार आपलं असेल. शाळा आपल्या, नगरपालिका आपल्या, मंत्री आपले."

"आणि सैन्य?"

"ते त्यांचं."

"सरहद्द?"

"त्यांची. सध्या."

"पोलीस?"

"पोलीस... टप्प्याटप्प्याने."

"म्हणजे चूल आपली आणि डब्याचं झाकण त्यांच्या हातात," शद्लिया म्हणाली.

"ताई, थट्टा करू नकोस. पंचाहत्तर वर्षांत कुणाला एवढंही मिळालं नव्हतं. आज एवढं घेऊ, उरलेलं उद्या घेऊ."

सी युनुसने डावा हात वर केला. त्या हाताला दोन बोटं नव्हती. ती फ्रान्सच्या चिखलात राहिली होती, पहिल्या मोठ्या लढाईत. "हा हात दिला तेव्हा मलाही एक कागद दिला होता. लढाई संपली की तुमच्या देशाचं बघू म्हणाले होते. कागद त्या पत्र्याच्या पेटीत आहे. काढून वाच, कोटवाल्या. छान शाई आहे, अजून फिकट झाली नाही."

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती, बाबा."

"आणि दोन वर्षांपूर्वीची? आपल्याच बेटाचा माणूस, तुझ्याच संघटनेचा पुढारी. त्याला भर रस्त्यात गोळ्या घातल्या तेव्हा अभयपत्र कुठे होतं? परवा रविवारी त्याला दोन वर्षं होतील, विसरलास?"

लामीनचा चेहरा पडला. तो विसरला नव्हता.

"मग काय पोराने डोंगरातच मरायचं?" हल्लूमा उसळली. "तुमच्या दोन बोटांचा सूड त्याने घ्यायचा? मला नको तुमचं सरकार, ना अर्धं ना आख्खं. लामीन, उद्याच जा आणि त्याला घेऊन ये. म्हातार्‍याला काय विचारतोस!"

"विचारावं लागेल, उम्मी. त्याने बाबांनाच विचारायला सांगितलंय." लामीनने पेला खाली ठेवला. "त्याच्याबरोबरचे सगळे उतरायला तयार आहेत, हा एकटा अडलाय. म्हणाला, मला राजकारणातलं काही कळत नाही. बाबांना एवढंच विचार की माझी जागा रिकामी आहे का. रिकामी असेल तर येतो. भरली असेल तर मी मेलोच समजायचं, मग मेलेल्याने खाली उतरून करायचं काय?"

 सी युनुस भिंतीकडे बघत होता. हल्लूमा डोळे पुसत पुसत हसायला लागली.

"एवढंच ना? अरे, रिकामी आहे! तीन वर्षं रिकामी आहे! सार्‍या गावाला ठाऊक आहे. जा, सांग त्याला. बघितलंत, या म्हातार्‍याचं खूळ शेवटी कामाला आलं."

तिने हात लांब करून नवर्‍याच्या खांद्यावर ठेवला. अशी जवळीक त्या घरात चारचौघांत कुणी करत नसे, आणि सी युनुसनेही हात झटकला नाही. उलट त्याच्या तोंडावर असं काही आलं की नजियाला ते बघवेना. या माणसाने तीन वर्षं शब्दही न बोलता मुलासाठी दार उघडं ठेवलं होतं, आणि ते आपण लावून घेतलं.

"रिकामी नाहीये," ती म्हणाली.

आधी कुणाला कळलंच नाही.

"मी भरली, बाबा. तुम्ही आजारी पडलात त्याच आठवड्यात. बावीस पावलं, सगळी. मासे त्यामुळे वाढलेत."

हल्लूमा उठली. ती सुनेवर हात उगारील असं सगळ्यांनाच वाटलं, पण ती दोन पावलं मागे सरली.

"तू माझ्या लेकाला पुरलंस," ती हलक्या आवाजात म्हणाली. "चाळीस दिवससुद्धा थांबली नाहीस. आणि त्याच्या जागेवरचा मासा आम्हाला शिजवून घातलास. चांगला आहे म्हणून मी दोनदा मागून घेतला."

"उम्मी, घरात पीठ नव्हतं..."

"पीठ! पिठासाठी नवरा मारलास?"

"पिठासाठी नाही," नजिया म्हणाली. आता बोलायचंच तर खरं बोलायचं, असं तिने ठरवलं. "मला ते खिंडार बघवत नव्हतं. तुम्हाला तो तुमचा मुलगा म्हणून आठवतो, पाळण्यापासून आठवतो. माझ्याकडे त्याची दोनच वर्षं आहेत. तीही हळूहळू जायला लागली. त्याचा आवाज आठवेना. डोळे मिटले की नुसतं पाणी दिसायचं. मला वाटलं, ते बंद केलं तर कदाचित तो परत आठवेल."

"आठवला?" शद्लियाने विचारलं.

"नाही."

नजियाला शद्लियाकडून टोमण्याची सवय होती. माहेरी पाठवून द्या हिला, असंही ती एकदा म्हणाली होती. पण शद्लिया आईपासून उठून नजियाशेजारी येऊन बसली, मांडीला मांडी लावून.

"उम्मी, हिला बोलू नकोस," ती म्हणाली. "माझा नवरा बुडाला तेव्हा चाळिसाव्या दिवशी त्याच्या भावांनी त्याचा तुकडा रोवला. मी किनार्‍यावर उभी होते. शेवटची झावळी रोवली तेव्हा मला काय वाटलं ठाऊक आहे? बरं वाटलं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. आता हिच्या डोक्यावर दगड घालायचे असतील तर आधी माझ्या घाला."

हल्लूमा लेकीकडे बघत राहिली. तिला बोलायचं होतं, पण लेकीने पहिल्यांदाच तिच्यापुढे थट्टेशिवाय तोंड उघडलं होतं.

लामीनला वाटलं की आता आपणच काहीतरी मार्ग काढायला हवा. संघटनेत तो मार्गच काढत असे. "हे बघा, त्यात काय एवढं? मी त्याला रिकामी आहे म्हणून सांगतो. तो खाली आला की मग बघू. तो आल्यावर थोडाच कुणाला..."

"खोटं?" सी युनुस म्हणाला.

"बाबा, जिवाचा प्रश्न आहे."

"त्या पोराशी मी आजवर एकदाही खोटं बोललेलो नाही. मारलंय खूप, पण खोटं बोललो नाही. म्हणून त्याने मला विचारलं, तुला विचारलं नाही." त्याला खोकला आला, तो बराच वेळ खोकत राहिला. मग म्हणाला, "जागा भरली आहे असं सांग. जे आहे ते सांग. वरतीच राहू दे त्याला. अर्ध्यासाठी बंदूक टाकून तो आला, तर वीस वर्षांनी तोही असाच कागद पेटीत घालून बसेल. दोघांनी बसायची गरज नाही, एक पुरे."

आता मात्र नजिया उठली. या घरात तिने सासर्‍यासमोर कधी आवाज चढवला नव्हता, आणि आजही चढवला नाही.

"बाबा, तुम्हाला पूर्ण देश हवा. हवा तर हवा, मी कोण नाही म्हणणारी? पण मला अर्ध्या देशात पूर्ण नवरा चालतो. तोही नाही मिळाला तर त्यातला जो काही उरला असेल तेवढा चालतो. खोटं सांगायचं नसेल तर सांगू नका. ओहोटी लागलीय. मी रोवलं, मीच उपटते."

आणि ती निघाली. डोक्यावरची लाल ओढणी कमरेला खोचली आणि भर दुपारी, गावाच्या डोळ्यांदेखत पाण्यात उतरली.

डिसेंबरचं पाणी पोटर्‍यांना चावत होतं. खिंडार जिथे होतं तिथपर्यंत चालत जायला तिला बराच वेळ लागला. आपण रोवलेलं तिला लगेच ओळखू आलं. सासर्‍याच्या झावळ्या सगळ्या एका कलाने झुकलेल्या, तिच्या कुणी इकडे कुणी तिकडे. तिने पहिली झावळी दोन्ही हातांनी धरून ओढली. ती हलली नाही. पाच आठवड्यांत चिखलाने ती घट्ट धरून ठेवली होती. तिने पुन्हा ओढली, मग पाय लावून ओढली. हात कापला, झावळी तशीच. चवथ्या झावळीपर्यंत तिला रडू आलं, पण रडत रडत ती ओढत राहिली.

"पिळायची," मागून आवाज आला. "ओढायची नाही. आधी पिळायची, मग वर घ्यायची. तुला कुणी शिकवलंच नाही."

सी युनुस मांड्यांपर्यंत पाण्यात उभा होता. डोक्याला हल्लूमाची शाल गुंडाळलेली.

"बाबा, तुम्हाला डॉक्टरने..."

"डॉक्टर स्फाक्सला आहे. त्याला इथून दिसत नाही."

त्याने आठ बोटांनी झावळी धरली, अर्धी पिळली, आणि मुळा उपटावा तशी ती वर आली. दुसरी. तिसरी. मग खोकला. नजिया त्याच्या बाजूला उभी राहून तसंच करू लागली. थोड्या वेळाने पाण्यात खळखळ ऐकू आली. शद्लिया घागरा वर खोचून येत होती, आणि तिच्यामागे लामीन. कोट काढलेला, विजार गुडघ्यांवर, आणि शहरी पावलांना प्रत्येक शिंपला टोचत असल्यामुळे नाचल्यासारखा चालत होता.

"बघा बघा, स्वायत्तता येतेय," शद्लिया म्हणाली. "टप्प्याटप्प्याने."

सी युनुस या वेळी नक्की हसला.

चौघांनी मिळून सगळं उपटलं. हल्लूमा किनार्‍यावर उभी राहून आधी शिव्या देत होती, मग वाहून आलेल्या झावळ्या गोळा करून रचायला लागली, शिव्या देतच. भरती गुडघ्यांवर चढली तेव्हा शेवटची झावळी निघाली. बावीस पावलं मोकळी झाली आणि त्यातून पाणी आत यायला लागलं.

"बाबा," नजियाने विचारलं, "तो नाही आला तर?"

"तर मासे जातील," सी युनुस म्हणाला. "तीन वर्षं जातच होते."

तो लामीनकडे वळला. "त्याला सांग, जागा रिकामी आहे. ये असं मी म्हणालेलो नाही. अर्धं चांगलं की वाईट, हेही मी म्हणालेलो नाही. जागा रिकामी आहे, एवढंच सांग."

"आणि मध्ये भरली होती ते?"

म्हातार्‍याने सुनेकडे पाहिलं. "ते तिचं तिला सांगू दे. नवरा-बायकोतली गोष्ट आहे."

दुसर्‍या दिवशी सकाळी लामीन निघाला. नजिया गच्चीवरून बघत होती. समोर खिंडार उघडं होतं, वाराही सोयीचा होता, पण लामीनने होडी कुंपणाच्या टोकापर्यंत नेली, वळसा घातला आणि मग स्फाक्सची वाट धरली. भावाच्या जागेतून तोही गेला नाही.

नंतरचे दिवस सी युनुसने गच्चीवर काढले. पाण्यात उतरल्याचा दंड म्हणून ताप आला होता, पण खाली झोपायला तो तयार नव्हता. घोंगडीत गुंडाळून भिंतीला टेकून बसे. त्याला लांबचं दिसत नसे, म्हणून नजिया शेजारी जव निवडत बसे. शीड दिसलं की ती सांगे, आणि तो एकच प्रश्न विचारी.

"वळली?"

"वळली, बाबा."

गुरुवार आला, मुदत संपली. त्या दिवशी तीन होड्या आल्या, तिन्ही वळल्या. शुक्रवारी वारा नव्हता. शनिवारी मब्रूकचा चुलता स्फाक्सहून आला आणि म्हणाला, शहरात डोंगरातली माणसं हिंडताना पाहिली, दाढ्या वाढलेल्या, हातात कागद. लोक त्यांना खांद्यावर घेत होते. मेहरेझ दिसला का? त्याला सांगता येईना. दाढीत सगळे सारखेच दिसतात. हल्लूमाने त्याला तरीही जेवू घातलं, बातमीवाल्याला उपाशी पाठवू नये म्हणून. त्या रात्री पुन्हा वाळवलेला ऑक्टोपस होता. सापळ्यात फारसं काही नव्हतं, आणि शद्लियाही त्यावर काही बोलली नाही.

रविवारी नजियाला वाटायला लागलं की आपण उगीच उपटलं. भरलेलं होतं तेव्हा निदान बघायला काही नव्हतं. आता पुन्हा तेच पाणी, आणि आता तर त्यात आशाही. आशेपेक्षा चिखल बरा, तो निदान धरून तरी ठेवतो. तिने हे सासर्‍याला बोलून दाखवलं. आता ती त्याच्याशी बोलायला लागली होती.

"मलाही तसंच वाटतं," तो म्हणाला. "रोज वाटतं. देशाचंही आणि पोराचंही. जव नीट निवड, खडे राहतात."

सोमवारी दुपारी पश्चिमेला एक शीड दिसलं.

"होडी आहे, बाबा."

"हं."

जरा वेळ गेला. होडी मोठी झाली. आत दोन माणसं होती, कदाचित तीन. कोण ते कळत नव्हतं. होडी कुंपणापाशी आली. आता सुकाणू टोकाच्या दिशेने जाईल, शीड फिरेल आणि नेहमीसारखी ती उत्तरेला सरकेल, म्हणून नजिया बघत राहिली.

"वळली?" सी युनुसने विचारलं.

 मांडीवरचं जवाचं सूप खाली कधी ठेवलं हेही तिला कळलं नाही.

"अगं, वळली का?"

होडी मधोमध आली होती. आतलं एक माणूस उठून उभं राहिलं. त्याने शीड अर्धं उतरवलं, दरवाजातून आत येताना वाकतात तसं, आणि होडी त्या बावीस पावलांतून सरळ आत शिरली.

"नाही वळली, बाबा."

सी युनुसने आठ बोटांनी घोंगडी दूर केली आणि उठायला हात मागितला. नजियाने हात दिला. खाली हल्लूमा कुणालातरी ओरडून विचारत होती की काय झालं, काय झालं, आणि म्हातारा जिना उतरता उतरता पुटपुटत होता, "वळसा घालायला काय होतं गाढवाला, झावळ्यांना धक्का लागला म्हणजे," आणि नजियाचा हात घट्ट धरून तिलाच पुढे ओढत होता.